डिझेलचा पाइप आणि सगळ्यांचा उतारा



बॉयलर पेटायला अजून अवकाश आहे, म्हणून आत्ताच लिहितो. एकदा मोळी पडली की असल्या गोष्टी ऐकायला कोणाला सवड नसते.

आपल्या ऊस वाहतुकीत पंधरा-वीस वर्षांचे ट्रॅक्टर सर्रास आहेत. इंजिन ठणठणीत असतं, पण टाकीपासून पंपापर्यंतचा लोखंडी पाइप गंजलेला. बाहेरून तो बहुधा क्लिपाखाली गंजतो. तिथे चिखल, पाचट, खताची धूळ अडकून ओल राहते. आतून गंजतो तो पाण्यामुळे. हंगाम संपला की अर्धी टाकी रिकामी ठेवून ट्रॅक्टर पावसाळाभर उभा. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थेंब धरते, आणि ते पाणी तळाला बसतं.

गंमत अशी की टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या पाइपाला भोक पडलं, तर डिझेल गळेलच असं नाही. पंप तिथून ओढत असतो, तो हवा ओढतो. भरल्या दोन ट्रॉल्या घेऊन चढाला लागलं की ट्रॅक्टर मान टाकतो. मिस्त्री नोझल काढतो, पंप खोलतो, पैसे जातात. दोष टाकीखालच्या हातभर पाइपात.

मग साबण लावा, चिंधी गुंडाळा, सायकलची ट्यूब चढवा! साबण टिकत नाही, ट्यूब डिझेलने फुगून मऊ पडते. माझं स्पष्ट मत आहे की गंजका पाइप सांधू नये, बदलावा. त्याच मापाचा पोलादी पाइप, तोंडं नीट फुलवून, आणि जोडाला डिझेलसाठीचीच नळी. तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून पुष्कळजण घालतात, पण हादऱ्यांनी तो कडक होऊन तडकतो. शेवटी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची. झालं काम.

पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या जाड पाइपाला मात्र वेल्डिंग, ब्रेझिंग काही करू नये. तिथला बारीक फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब इस्पितळ गाठावं लागतं. आणि जुनी टाकी तशीच वेल्डिंगला देणाऱ्यांना हात जोडून विनंती: आतल्या वाफेचा स्फोट होतो, माणूस जातो.

कोणी म्हणेल, ज्याचा ट्रॅक्टर तो बघेल. तसं नाही. तोडलेला ऊस रस्त्यात दिवसभर तापला की वजन घटतं, तो तोटा ऊसवाल्याचा. आतली साखर उतरते, तो तोटा उताऱ्यातून सगळ्यांचा; एफआरपी उताऱ्यावरच ठरते. अंधारात रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल येऊन आदळते, त्याचा हिशेब तर वजनकाट्यावर होतच नाही.

म्हणून वाहतूक करारावर सही घेण्याआधी शेती खात्याने टायर आणि रिफ्लेक्टरबरोबर हा पाइपही तपासावा. खर्च उचलीतून द्यावा, बिलातून वळता करावा. ट्रॅक्टरवाला आपलाच सभासद, त्याच्यावर बँकेचा हप्ता आहे. नुसता दंड लावून तो पाइप बदलणार नाही, चिंधीच जास्त घट्ट बांधील. वार्षिक सभेसाठी ही सूचना लेखी दिली आहे. ज्यांना पटेल त्यांनी गट ऑफिसात येऊन सही करावी.