नमस्कार नको, सिनेमा पाहा

आपल्याकडे काही गोष्टींना नमस्कार करायची पद्धत आहे, त्या उघडून पाहायची नाही. ज्ञानेश्वरी घरोघरी लाल कापडात बांधलेली असते. प्रभातच्या सिनेमांचं तेच झालंय. 'संत तुकाराम'चं नाव निघालं की चांगली शिकलेली माणसं हात जोडतात, आणि 'शेवटचा कधी पाहिलात हो?' असं विचारलं की चहा मागवतात.

मी काही समीक्षक नव्हे. छत्तीस वर्षं बँकेत कर्जाचे कागद तपासले, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या आणि जमेल तेव्हा सिनेमे पाहिले. तेव्हा पुढची मतं ही पदरमोड करून तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाची आहेत, पटली नाहीत तर वाचकांनी खुशाल भांडावं. माझं म्हणणं इतकंच, की जुने सिनेमे थोर म्हणून पाहायची गरज नाही. त्यांतली माणसं आपल्याहून मोकळी आहेत, म्हणून पाहायचे.

माझी थोरली बहीण शनिशिंगणापूरजवळच्या एका वस्तीवर दिलेली. त्यामुळे या गावाशी माझा संबंध साडेसातीमुळे नाही, भाऊबिजेमुळे आहे. नेवासे तालुक्यातलं हे गाव साऱ्या देशाला माहीत आहे ते घरांना दारं नाहीत म्हणून. नुसती चौकट, तिच्यावर पडदा, आणि रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून आडवी लावलेली फळी. नव्वदच्या दशकात गुलशनकुमारांचा 'सूर्यपुत्र शनिदेव' हा चित्रपट आला आणि गर्दी वाढली, असं गावात सांगतात. २०११च्या जानेवारीत युको बँकेनं इथं कुलूप न लावणारी शाखा उघडली, तेव्हा आमच्या बँकवाल्यांच्या बैठकांत दुसरा विषय नव्हता. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांच्या कंबरेला असल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही, त्यांनी दुसरं काय बोलावं?

येणारा भाविक उघडी चौकट पाहतो आणि चमत्कार म्हणून तिचा फोटो काढतो. फळी कोणी पाहत नाही. पण घर चालतं ते त्या फळीवर, आणि ती रोज रात्री लावणाऱ्या बाईवर. संतपटांचंही असंच आहे. लोक विमान पाहतात, खाली चुलीशी काय चाललंय ते पाहत नाहीत.

गेल्या दिवाळीत आक्काकडे आम्ही 'संत तुकाराम' लावला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल, साल १९३६. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो सत्तावन्न आठवडे चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, ही माहिती मी मोठ्या हौसेनं दिली आणि ती कोणी ऐकली नाही. पोरं मोबाईलमध्ये होती. नाटकांतून स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची शांती मला फार मोठी वाटते. तिचाही काही उपयोग झाला नाही. मग पडद्यावर जिजाई आली. संसाराकडे पाठ फिरवलेल्या नवऱ्यावर ती तोंड सोडते, म्हशीवर जीव लावते आणि आजारी पोराला ओढत, हातात वहाण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. भाचेसून भाकरी थापता थापता उठून आली, पिठाचे हात तसेच. म्हणाली, ''मामा, ही तर आमच्या आत्याबाईच की!'' आक्का म्हणाली, ''मग! यानं नुसते टाळ कुटायचे आन् पोरांच्या पोटाचं हिनं बघायचं व्हय?'' त्यानंतर तासभर कोणी उठलं नाही.

ही जिजाई करणारी गौरी प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला लागलेली बाई. अभिनयाचं शिक्षण कसलं असणार? पण तिचं कंबरेवर हात ठेवून उभं राहणं पाहा. असं उभं राहायला कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. पागनीसांचे तुकोबा वैकुंठाला जातात आणि ती पोराबाळांसह खालीच राहते. मला सिनेमाचा खरा शेवट तो वाटतो. वरचं विमान आज पोरकट दिसतं. खालच्या बाईला नव्वद वर्षांत सुरकुती पडलेली नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती शिंगणापुरात बसून बोलायला जरा जड जाते. शनीच्या चौथऱ्यावर बायकांनी चढायचं नाही, अशी रीत इथं होती. २०१५च्या नोव्हेंबरात एक तरुणी चढून गेली आणि पाठोपाठ चौथऱ्याचं शुद्धीकरण झालं. मग मोर्चे, उच्च न्यायालय, पोलिसांचा बंदोबस्त, आणि अखेर २०१६च्या एप्रिलमध्ये गुढीपाडव्याच्या दिवशी देवस्थाननं चौथरा बायकांना खुला केला. रीत पाळणाऱ्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही; माझी आक्काही त्यांच्यातलीच. ''त्यो शनी हाय बाबा, इठोबा न्हाई,'' हा तिचा मुद्दा, आणि त्यात तथ्य असेलही. पण मला हिशेब करायची सवय आहे. १९३६ सालच्या सिनेमात एक बाई वहाण घेऊन देवाच्या पुढ्यात उभी राहते आणि महाराष्ट्र सत्तावन्न आठवडे तिला पाहून हसतो, रडतो. त्यानंतर ऐंशी वर्षांनी एका चौथऱ्यासाठी कोर्टात जावं लागतं. या ऐंशी वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो? आज कोणी ते देवळातलं दृश्य नव्यानं चित्रित करायला घेतलं तर सेटवर पोलीस ठेवावे लागतील.

दामल्यांच्या जोडीला बसलेले फत्तेलाल म्हणजे शेख फत्तेलाल, प्रभातचे 'साहेबमामा'. तुकारामाच्या देहूचं घर, देऊळ, इंद्रायणीकाठ पडद्यावर उभा करण्यात या मुसलमान कलावंताचा हात होता, आणि वारकऱ्यांपैकी कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. याच जोडीनं १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' काढला आणि ज्ञानेश्वर केले ते आमच्या नगरच्या शाहू मोडकांनी. मोडक जन्मानं ख्रिस्ती. पुढे ते इतक्या वेळा पडद्यावर श्रीकृष्ण झाले की बायाबापड्या त्यांनाच हात जोडत. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच्या जिल्ह्यातला एक ख्रिस्ती मुलगा पडद्यावर ज्ञानेश्वर होतो, हे नेवाशाच्या पैस खांबाशी उभं राहून एकदा आठवून पाहावं.

सिनेमा म्हणून मात्र मला 'ज्ञानेश्वर' 'तुकारामा'च्या खाली वाटतो. वेद बोलणारा रेडा, चालणारी भिंत यांत त्याचा बराच जीव खर्च झालाय. वाळीत टाकलेल्या चार भावंडांचा पहिला भाग तेवढा काळजाला भिडतो. मोडक पाहायचेच असतील तर आदल्या वर्षीचा, १९३९चा 'माणूस' पाहा. व्ही. शांतारामांचा. त्यात ते साधे पोलीस शिपाई आहेत आणि शांता हुबळीकरांच्या वेश्येवर त्यांचा जीव जडतो. तिला आईपुढे न्यायची हिंमत त्याच्यात आहे, पण आपण घराला लायक नाही हे तिच्याच मनात रुतून बसलंय. शिपायाचा गणवेश उतरवून वर्षभरात तोच नट ज्ञानेश्वराच्या समाधीला बसतो आणि दोन्ही वेळा लोकांचा विश्वास बसतो. आजच्या नटांनी यावर विचार करावा.

शांतारामांचाच 'शेजारी' १९४१चा. प्रभात सोडण्यापूर्वीचा त्यांचा शेवटचा. एका गावात पाटील आणि मिर्झा असे दोन म्हातारे जिवलग शेजारी. धरणासाठी जमीन हवी असलेला माणूस त्यांच्यात पाचर मारतो. मराठीत केशवराव दात्यांचा पाटील आणि गजानन जागीरदारांचा मिर्झा. हिंदी 'पडोसी'त हिंदू म्हातारा मझहर खान यांनी केला, मिर्झा पुन्हा जागीरदारच. म्हणजे हिंदूनं मुसलमान व्हायचं आणि मुसलमानानं हिंदू! शेवटी धरण फुटतं, ते जरा मोठ्या आवाजात फुटतं. पण त्याआधी बोलणं तुटलेले दोघं म्हातारे एकमेकांच्या घराकडे कसे पाहतात, ते पाहण्यासारखं आहे. बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेल्याची कर्जप्रकरणं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. कागदावर सगळं असतं, ते बघणं नसतं.

'श्यामची आई'बद्दल मला बोलायचं धाडस होत नाही, तरी बोलतो. अत्र्यांचा हा १९५३चा चित्रपट पहिल्या राष्ट्रीय पुरस्काराचा, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी. वनमाला उत्तमच आहेत. पण मुलांना जुना सिनेमा दाखवायची सुरुवात यानं करू नये. जुनं म्हणजे रडणं, अशी त्यांची समजूत होते आणि ती पुन्हा फिरकत नाहीत. त्यांना राजा परांजप्यांचा 'लाखाची गोष्ट' दाखवा. १९५२ साल आणि महिनाभरात एक लाख रुपये उडवून दाखवायची पैज! उडवू जावं तर पैसा वाढतच जातो. मी तो बँकेतल्या नव्या पोरांना आवर्जून पाहायला सांगत असे.

आणि घरातली मुलं पंधरा-सोळाची झाली की 'सामना'. १९७४चा, जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचं, आणि निर्माते रामदास फुटाणे, म्हणजे आमच्या जामखेडचे चित्रकलेचे शिक्षक. बर्लिनच्या महोत्सवात तो १९७५ साली गेला. आम्ही नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर म्हणायचं) माणसं तो सिनेमा पाहत नाही, ओळखतो. लोणीला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याची वाट घालून दिली, तिनं या कोरडवाहू मुलखात खरोखर सोनं पिकवलं, हे मी शाखेत बसून पाहिलंय. त्याच वाटेवर पुढे हिंदुराव धोंडे पाटीलही उभे राहिले. निळू फुल्यांचा हिंदुराव ओरडत नाही. तो पाहुण्याला जेवू घालतो, गाडी देतो, दारू देतो. डॉ. लागूंचा भणंग मास्तर सगळं घेतो आणि तरीही मारुती कांबळे या गायब झालेल्या माणसाबद्दल विचारायचं सोडत नाही. शिंगणापूरच्या रस्त्यावर बैलाच्या घाण्याच्या रसवंत्या लागतात, तिथं पेला हातात घेतला की मला तो मास्तर आठवतो.

हे सिनेमे राहतील का, हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा नाही. २००३च्या जानेवारीत पुण्यात, जुन्या प्रभातच्याच आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कित्येक चित्रपटांची मूळ रिळं जळून गेली. आपल्या मूकपटांपैकी तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच धडपणे उरलेत. जे वाचले त्यांतले बरेचसे आज फुकट, खिशातल्या मोबाईलवर मिळतात. आमच्या वेळी शनिवार संध्याकाळच्या दूरदर्शनवरच्या मराठी चित्रपटासाठी शेजाऱ्याच्या घरी सतरंजीवर बसावं लागे. आता सगळं हाताशी आहे आणि पूर्ण कोणी बघत नाही. पाच मिनिटांचा तुकडा बघतात, अंगठा वर सरकवतात.

तेव्हा एवढं करा. रविवारी जेवणं झाली की मोबाईल टीव्हीला जोडा, आवाज वाढवा, कारण जुन्या प्रतींवर खरखर असते आणि पहिली दहा मिनिटं बोलणं कानात बसत नाही. माहिती सांगत बसू नका. मी सांगितली आणि कोणी ऐकली नाही. जिजाई येईपर्यंत कोणाला उठू देऊ नका. आमच्याकडे नातवानं 'सामना' मध्यंतरापर्यंत पाहिलाय. हिंदुराव चांगला माणूस आहे, असं त्याचं सध्याचं मत आहे.