बागेत चेंडूलाही जागा हवी

चंदीगडच्या एका सेक्टरमधल्या छोट्या बागेच्या फाटकाशी निळी पाटी आहे. फुले तोडू नका, कचरा टाकू नका, कुत्री मोकळी सोडू नका, या तिच्यावरच्या सूचना योग्यच आहेत. पण सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'पार्क में गेंद से खेलना मना है'. माझी तक्रार या एका ओळीबद्दल आहे. अशी ओळ फक्त चंदीगडमध्ये नाही. नाशिकला आमच्या सोसायटीच्या बागेतही ती मराठीत रंगवलेली आहे.

डिसेंबरच्या सुट्टीसाठी निघालेली आमची महाराष्ट्र पार्टी दुपारी चंदीगडला पोहोचली आणि पुढची गाडी रात्री होती. एस्कॉर्टला आलेल्या सरांची परवानगी घेऊन माझ्या एका बॅचमेटने मला जेवायला त्याच्या घरी नेले. आंटींनी राजमा-चावल केले होते. (मेसच्या राजम्याशी त्याचे काहीही नाते नव्हते.) जेवण झाल्यावर आम्ही समोरच्या बागेत गेलो. बाग आमच्या बास्केटबॉल कोर्टाच्या तिप्पट असेल. भोवती चालायची फरसबंद वाट, मधे हिरवळ, एका कोपऱ्यात दोन झोपाळे. थंडीतल्या उन्हात आजोबा मंडळी पत्ते खेळत होती, आज्या शेंगा सोलत गप्पा मारत होत्या. मधली हिरवळ पूर्ण रिकामी होती.

मुले बाहेर रस्त्यावर होती. आठ-दहा वर्षांची सात-आठ मुले, टेनिसचा चेंडू आणि विकेट म्हणून उभ्या केलेल्या तीन विटा. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असल्यामुळे पिच म्हणजे मधली चिंचोळी पट्टी. चेंडू गाडीखाली गेला की एक जण पोटावर झोपून काढायचा आणि तेवढ्यात मागून कोणी येते का हे दुसरा बघायचा. एकदा डिलिव्हरीवाल्याच्या स्कूटरने इतका जोरात ब्रेक मारला की पत्ते खेळणाऱ्यांनीही माना वळवल्या. मग त्यांनी पुढचे पान टाकले. मुलांनीही पुढचा चेंडू टाकला. सगळ्यांना याची सवय झालेली दिसली, आणि मला तेच जास्त खटकले.

रस्त्यावर एकही मुलगी खेळत नव्हती. बॅचमेटची धाकटी बहीण दुसरीत आहे. ती आधी बागेत खेळायची, आता घरातच असते, कारण आंटी तिला गाड्यांमध्ये खेळू देत नाहीत. म्हणजे बंदीमुळे मुलांचा खेळ रस्त्यावर गेला आणि मुलींचा संपला. बॅडमिंटन चालते का, असे मी विचारले. शटलकॉक हा चेंडू आहे की नाही, यावर तिथे कोणाचेच एकमत नव्हते.

पत्ते खेळणाऱ्यांत एक निवृत्त सुभेदार साहेब होते. आम्ही कॅडेट आहोत हे केस पाहूनच त्यांनी ओळखले. ती पाटी लावण्याच्या बाजूने तेही होते, आणि त्यांचे कारण खरे आहे. दुसरीकडून येणारी अठरा-वीस वर्षांची मुले तिथे सीझन बॉलने खेळायची, सांगितले तर उलट बोलायची. एक दिवस चेंडू बाकावर बसलेल्या आजींच्या कपाळाला लागला आणि टाके पडले. त्यानंतर पाटी आली. सुभेदार साहेब म्हणाले, "बेटा, उस दिन तुम होते तो तुम भी यही करते." सीझन बॉल मीही बंद केला असता. पण शिक्षा झाली ती टेनिसच्या चेंडूला.

चंदीगडची रचना आम्ही भूगोलाच्या प्रोजेक्टमध्ये अभ्यासली होती. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात सेक्टर साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटरचा आहे. वेगाच्या वाहनांचे रस्ते सेक्टरच्या बाहेरून जातात आणि आत मधोमध हिरवा पट्टा असतो. शाळा आणि खेळाची मैदाने याच पट्ट्यात ठेवायची, म्हणजे मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. शहरासाठी लिहून ठेवलेल्या त्यांच्या फर्मानात बागांमध्ये कुणा व्यक्तीचे पुतळे नकोत असे आहे. चेंडूला मनाई नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांमध्येही ५,००० लोकवस्तीसाठी अर्ध्या हेक्टरची बाग आणि तेवढेच खेळाचे मैदान वेगळे सांगितले आहे. मैदान जवळ असेल तर बागेत चेंडू नको म्हणायला हरकत नाही. पण आठ वर्षांचे मूल एकटे जाऊ शकेल इतक्या अंतरावर मैदान नसेल, तर बाग हेच त्याचे मैदान.

आमची शाळा डोंगरावर आहे. तिथे सपाट जमीन डोंगर कापूनच मिळते, त्यामुळे जागा कमी आणि खेळणारे खूप. त्याच मैदानावर सकाळी पीटी होते, संध्याकाळी एका बाजूला ज्युनियर हॉकी आणि दुसऱ्या बाजूला सीनियर फुटबॉल. आठवड्याचे दिवस वाटलेले असतात आणि क्रिकेटचा सीझन बॉल नेटच्या बाहेर काढता येत नाही. भांडणे होतात, पण मैदान बंद करा असे आजवर कोणी सुचवलेले नाही. सुभेदार साहेबांनी तर आयुष्यभर अशीच वेळापत्रके पाळली असतील.

मग बागेतही तसेच करावे. सीझन बॉल कायमचा बंद. बारा वर्षांखालच्या मुलामुलींना मधली हिरवळ दोन तास, फक्त टेनिस किंवा प्लॅस्टिकचा चेंडू. उन्हाळ्यात पाच ते सात चालेल. हिवाळ्यात अडचण आहे, कारण साडेपाचला अंधारते आणि दुपारचे ऊन आजी-आजोबांनाही हवे असते. तेव्हा काही बाक झोपाळ्यांच्या बाजूला हलवावे लागतील आणि चालायच्या वाटेच्या कडेने कमरेएवढी जाळी लावावी लागेल. खर्च आहे, पण फार नाही. खिडकीची काच फुटली तर? ज्याने फोडली त्याच्या घरच्यांनी भरावी. आमच्याकडेही हाच नियम आहे, आणि त्यामुळे नेम बराच सुधारतो.

मी हे सगळे सुभेदार साहेबांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि "लिखकर दो" एवढेच म्हणाले. बॅचमेट आता सुट्टीत त्या मुलांना घेऊन रहिवासी संघटनेला अर्ज देणार आहे. त्यावर सह्या मुलांच्या चालतील की आई-वडिलांच्याच लागतील, हे मात्र त्याला आधी विचारावे लागेल.