आधी दिवा, मग कॅमेरा

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर मुंबईवर कॅमेऱ्यांची नजर ठेवण्याचे ठरले आणि 2016 पर्यंत सुमारे साडेनऊशे कोटी रुपयांच्या योजनेतून साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे उभे राहिले. या खर्चाचे समर्थन करणारे एक साधी गोष्ट विसरतात. कॅमेऱ्यालाही पाहण्यासाठी प्रकाश लागतो. तो अपुरा असला की प्रत्येक चित्राला अधिक वेळ द्यावा लागतो आणि चालता माणूस पुसट डाग होऊन उरतो. अवरक्त दिव्यांची जोड दिली तरी चित्र कृष्णधवल होते, कपड्यांचा रंग हरपतो, आणि तो झोतही थोड्याच अंतरापर्यंत पोचतो.

अंधेरीच्या सीप्झमधील पाळी संपवून घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर परतणाऱ्या कामगार स्त्रीला अशा डागाचा काय उपयोग? सप्टेंबर 2021 मध्ये साकीनाक्यावर पहाटे घडलेल्या भीषण अत्याचाराच्या तपासात चित्रीकरण कामी आले, हे मान्य. परंतु पोलिसांना खबर दिली ती एका पहारेकऱ्याने. जिवंत माणसाच्या डोळ्यालाही उजेडच हवा असतो. पण गल्लीतील दिव्याच्या उद्घाटनाला मंत्री येत नाहीत!

कॅमेरा बसवण्यापूर्वी त्या जागेचे मध्यरात्रीचे चित्र तपासावे, चेहरा ओळखू येत नसेल तेथे प्रथम दिवा लावावा, अशी मागणी अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या शाखांनी आपापल्या अंधाऱ्या वाटांच्या यादीसह प्रभाग कार्यालयांपुढे मांडली पाहिजे.