हेरांना कायदा का नको?

बहिर्जी नाईकांचं स्टेटस आपण अभिमानानं ठेवतो. ठेवावंच. पण हेर कायम शत्रूच्याच मागावर असतो, हा समज सोडा. टिळकांच्या काळातल्या गणपती मेळ्यांवर ब्रिटिश पोलिसांची नजर होती. आमचं राजूर गणपतीचं गाव, म्हणून हे जास्त खुपतं: पाळत दरोडेखोरांवर नव्हती, पदं म्हणणाऱ्या पोरांवर होती.

साहेब गेला, यंत्रणा राहिली. इंटेलिजन्स ब्युरो आपली सुरुवात १८८७ पासून मोजतो. त्याचे अधिकार आणि मर्यादा ठरवणारा संसदेचा कायदा आजही नाही. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारींनी खासगी विधेयक आणलं. त्याचा कायदा झाला नाही. माहिती अधिकारातूनही ब्युरोला सूट. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप तेवढे अपवाद. आणि ज्या ब्रिटननं हे रोप लावलं, त्यानं स्वतःच्या एमआय-फाइव्हला १९८९ मध्ये कायद्यात बसवलं, १९९४ च्या कायद्यानं हेरखात्यांवर खासदारांची समितीही आणली.

‘गुप्त संस्था उघड कशी करणार?’ असं विचारतात. एन्क्रिप्शन बघा. चांगल्या एन्क्रिप्शनची पद्धत जगजाहीर असते, गुप्त असते फक्त किल्ली. तशीच हेराची ओळख आणि मोहीम गुप्त राहू द्या. पण त्याचे अधिकार कुठे संपतात आणि हिशेब कुणाला द्यायचा, हे कायद्यात लिहा.

बहिर्जी महाराजांना उत्तर देत होते. आजचे हेर संसदेला का देत नाहीत?