परसदाराचे नूतनीकरण आणि वैद्यवर्ग

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे नावाप्रमाणेच बाजारपेठेचे गाव. सिद्धेश्वर व येलदरी धरणांच्या पाण्याने वसमत-औंढा पट्ट्यातील शेतीचे रूप पालटले. उसापाठोपाठ हळदही येथे चांगलीच रुजली. हातात चार पैसे खेळू लागले की मराठवाड्यातील माणूस प्रथम घराकडे वळतो. त्यानुसार माळवदे गेली, स्लॅबची घरे आली, पुढच्या ओट्याला ग्रॅनाइट लागले. आता पाळी परसदाराची आहे. न्हाणीमागची ओली जागा, केळ-कर्दळीचा गुंता, चुलीची राख टाकण्याचा कोपरा हे सारे काढून तेथे पेव्हर ब्लॉकचे अंगण, चहूबाजूंनी सिमेंटच्या कडांचे वाफे आणि मधोमध बसावयाचा कट्टा असा आराखडा घरोघरी दिसू लागला आहे. हा बदल केवळ गवंड्याचा व रोपवाटिकेचा विषय आहे असे समजून वैद्यवर्गाने त्याकडे पाठ फिरवावी, हे आम्हास मान्य नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. परसदार नीटनेटके करू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. काळ्या मातीचा पावसाळ्यातील चिखल ज्याने तुडविला आहे, त्यास फरशीचे मोल सांगावे लागत नाही. घरातील वृद्ध मंडळी रात्री-अपरात्री मागील दारी जातात. तेथे पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण आपण सर्वांनीच पाहिले आहेत. विंचू, साप, साचलेल्या पाण्यावरील डास यांचाही बंदोबस्त हवाच. जुने ते सारे सोने, असा भाबडा सूर लावण्यात काही हशील नाही. प्रश्न आहे तो फरशीखाली काय गाडले जाते आणि नव्या वाफ्यांत काय येऊन बसते याचा.

जाते काय, तर कुंपणाचा अडुळसा, कडुनिंबावर चढलेली गुळवेल, मोरीच्या कडेचा माका, तुळशीमागचा पानओवा, भिंतीच्या सावलीतील मंडूकपर्णी, आणि कोणी न लावता पावसाळ्यात आपोआप उगवणारी पुनर्नवा. येते काय, तर पिवळ्या पानांचा डुरांटा, क्रोटन, डायफेनबॅकिया, फुलांसाठी पिवळी कण्हेर आणि कुंपणालगत सरळसोट वाढणारा तथाकथित अशोक. यांपैकी पिवळ्या कण्हेरीचे बी हृदयास घातक आहे, डुरांट्याची नारिंगी फळे लहान मुलांच्या तोंडात गेल्यास अपाय करतात, आणि डायफेनबॅकियाचे पान चावल्यास जीभ व घसा सुजतो. ज्या जागेतून उद्या-परवा खोकल्याचा काढा निघाला असता, ती जागा आपण हौसेने विषारी झाडांस देतो आणि त्यास शोभा म्हणतो! रोपवाटिकावाल्यास दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक मागते ते तो देतो. गिऱ्हाइकाने काय मागावे हे सांगणारा मात्र त्या गावात वैद्यच असावयास हवा.

यापेक्षाही मोठी हानी ओळखीची आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, वनस्पतींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या व गाई राखणाऱ्यांस आणि वनात वावरणाऱ्यांस ठाऊक असतात, असे सांगितले आहे. त्यांचा योग जाणणे हे मात्र वैद्याचे काम. म्हणजे नाम-रूपाचे ज्ञान समाजात सांभाळलेले असते, हे आचार्यांनी गृहीत धरले होते. आपल्या गावांत ते ज्ञान राखणाऱ्यांत परसदारातील स्त्रियांचा वाटा मोठा होता. आजी नातवास ‘दोन पाने अडुळशाची आण’ म्हणे आणि नातू ती बरोबर आणी. त्या नातवास आज घरात अडुळसा शब्द ठाऊक आहे, तो बाटलीवरील लेबलामुळे. पान समोर ठेवले तर तो ओळखणार नाही. आणि खरे सांगावयाचे तर आयुर्वेद महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थीही आता याच घरांतून येतो. द्रव्यगुणाच्या तासास त्याला जे रूप प्रथमच दाखवावे लागते, ते त्याने दहाव्या वर्षीच पाहिलेले असावयास हवे होते.

नाव राहिले व रूप हरपले की काय होते, याचा दाखला फार जुना नाही. कोविडच्या साथीत गुळवेलीस अचानक मागणी आली. ज्यांनी कधी तिचा वेल पाहिला नव्हता त्यांनीही रोज काढा घेण्यास प्रारंभ केला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताची इजा आढळल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली, याचे पृथक्करण झालेलेच नाही. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने सूचनापत्र काढून टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे आपली गुळवेल, आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद सांगितले: क्रिस्पाचे कांड करडसर व गाठीगाठींचे, चीक दुधाळ, फुलाच्या पाकळ्या तीन, फळ लांबट व नारिंगी, गुळवेलीचे कांड हिरवट, दुधाळ चिकाचा अभाव, पाकळ्या सहा, फळ गोल व लाल. त्याच वर्षी देशातील अनेक केंद्रांनी मिळून पुन्हा गुळवेलीकडेच बोट दाखविणारा अहवाल दिला, तेव्हा हा वाद मिटला असे म्हणता येत नाही. खऱ्या गुळवेलीनेही काही प्रकृतींत अपाय होतो काय, हा प्रश्न आपण टाळू नये. तो आपल्याच शास्त्राच्या प्रतिष्ठेचा आहे. परंतु जोवर रुग्णाने काय घेतले हेच सांगता येत नाही, तोवर त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही बाजूने देता येणार नाही.

गुळवेलीची संस्कृत नावेच पाहा. छिन्नरुहा, कारण तोडलेला तुकडाही पुन्हा रुजतो. चक्रलक्षणिका, कारण कांड आडवे कापले असता चाकासारखी आकृती दिसते. ही नावे म्हणजे ओळखपत्रे आहेत, पण ती वाचण्यास वेल समोर हवा. तरीही केवळ चाक पाहून निर्णय देऊ नये. जुन्या गुळवेलीच्या सालीवरही ठिपक्यांसारखे उंचवटे येतात आणि नवशिक्या तेथेच चकतो. ज्याच्या परसात वेल आहे व जो तो वर्षभर, पानगळीपासून फळापर्यंत पाहतो, तो सहसा चकत नाही.

अशोकाची कथा याहून केविलवाणी आहे. कुंपणालगत उंच वाढणारे, नागमोडी कडांच्या साध्या पानांचे, हिरवट-पिवळ्या फुलांचे झाड म्हणजे पॉलिअल्थिया लाँजिफोलिया. अशोकारिष्टातील अशोक तो नव्हे. सराका असोका या खऱ्या अशोकाचे पान संयुक्त, कोवळी पालवी तांबूस व लोंबती, आणि केशरी-लाल फुलांचे झुबके थेट फांद्यांवर येतात. त्याच्या सालीस एवढी मागणी आहे की निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो असुरक्षित म्हणून नोंदला गेला आहे. आपल्याकडील काही काष्ठौषधी विक्रेत्यांच्या पोत्यांत अशोकसाल म्हणून काय असते, ते वाचकांस सांगावयास नको. ब्राह्मी व मंडूकपर्णी यांची अदलाबदल, शंखपुष्पीच्या नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत चालणाऱ्या निरनिराळ्या वनस्पती, हेही त्याच जातीचे दुखणे.

येथे एक अभ्यासू वाचक आम्हास अडवील, आणि त्याने अडवावेच. चरकाच्या कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात औषधी कोठून घ्यावी हे सांगताना स्मशान, चैत्य, सभा, वारूळ, खारवट जमीन यांबरोबर ‘आराम’ म्हणजे बागही वर्ज्य सांगितली आहे. नांगर न लागलेल्या जमिनीतील औषधी प्रशस्त मानली आहे. मग परसबागेची भलामण कशासाठी? आक्षेप रास्त आहे. आमचे उत्तर असे की परसबाग हा औषधीनिर्माणाचा स्रोत व्हावा, असे आम्ही म्हणतच नाही. चार वाफ्यांतून कोणाचा कारखाना चालत नाही. पानओव्याचा रस, तुळस-आल्याचा काढा, भाजल्यावर लावावयाची कोरफड एवढा घरगुती वापर आणि त्याहून महत्त्वाची ओळख, हे तिचे काम. खरेदी केलेला माल पडताळून पाहण्यासाठी सोनार कसोटी जवळ ठेवतो, तशी ती जिवंत कसोटी आहे. गंमत अशी की त्याच अध्यायात स्निग्ध, काळी, मधुर माती उत्तम म्हटली आहे. आणि जवळा बाजारच्या मंडळींस ती पायाखालीच मिळालेली आहे.

याच मातीमुळे फरशीचे काम मात्र जपून करावे लागते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पेव्हर ब्लॉक बसविले तर दोन पावसाळ्यांत अंगण उंच-सखल होते. गवंडी जाणता असेल तर तो वरची फूट-दीड फूट माती काढून मुरूम घालतो, धुम्मस करतो, त्यावर वाळूचा थर देऊन घरापासून बाहेर उतार काढतो. काढलेली ती माती ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकली जाते, हे पाहून आम्हास हळहळ वाटते. तीच कडेच्या वाफ्यांत भरावी. तुळस, अडुळसा, हळद, आले यांस ती मानवते. कोरफड व शतावरी यांच्या मुळांशी पाणी साचू नये म्हणून त्या वाफ्यात मुरूम व जाड वाळू मिसळून वाफा वीतभर उंच घ्यावा. शहाबादी फरशी वापरणार असाल तर सर्व सांधे सिमेंटने बुजवू नयेत. वाळूचे सांधे ठेवले तर पावसाचे पाणी जागच्या जागी मुरते. मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जाणाऱ्या मुलखात संपूर्ण परसदार सिमेंटने झाकणे म्हणजे मागील दारी तवा तापवत ठेवणे होय.

कडेस डुरांटा का हवा? अडुळसा, निर्गुंडी व मेंदी ही कुंपणाची झाडे आपल्या पूर्वजांनी निवडली, त्यात व्यवहार होता: शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत, छाटणी सोसतात आणि थोड्या पाण्यावर तगतात. छाटून ठेवलेला अडुळसा कोणत्याही विलायती कडेहून कमी देखणा नाही, आणि त्याची पांढरी फुले पाहिल्यावर सिंहास्य हे नाव पुन्हा पाठ करावे लागत नाही. गर्भिणीस अडुळसा वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये, ही सूचना मात्र रोपाबरोबरच त्या घरात गेली पाहिजे. पारिजातक कट्ट्याच्या पश्चिमेस लावला तर संध्याकाळचे ऊन अडते व सकाळी फुलांचा सडा पडतो. कडुनिंब भिंतीपासून दूर. गुळवेल त्याच्यावरच चढवावी. खऱ्या अशोकाचा हट्ट धरणाऱ्याने सावली व पाणी यांची तयारी ठेवावी, आणि त्याच्या सालीची आशा धरू नये.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ब्राह्मीला ओल आवडते म्हणून ती मोरीच्या सांडपाण्यावर लावण्याची पद्धत आहे. ब्राह्मी जड धातू शोषून घेते हे अभ्यासांनी दाखविलेले आहे. न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ लावावी. पोटात घ्यावयाची ब्राह्मी वा मंडूकपर्णी स्वच्छ पाण्याच्या कुंडीतच असावी.

आता आपल्या स्वतःच्या दाराकडे वळू. रुग्णांस उपदेश करणाऱ्या किती वैद्यांच्या दवाखान्यामागे आज गुळवेल आहे? किती औषधालयांच्या मागील अंगणात खोकी व रिकामे डबे यांखेरीज काही आढळते? २००० साली अनुसूची ‘टी’ आल्यापासून औषधी कारखान्यांस कच्च्या मालाच्या परीक्षणाची व्यवस्था ठेवावी लागते. परंतु गावातील दुकानात पुड्या बांधून विकल्या जाणाऱ्या काष्ठौषधींची कसोटी शेवटी विक्रेत्याच्या डोळ्यांवरच असते. तो डोळा घडविण्यास दहा-बारा कुंड्या पुरतात. प्रत्येक रोपास मराठी नाव, संस्कृत नाव व शास्त्रीय नाव अशी देवनागरीतील पाटी असावी. दुकानात पोते उघडले की त्यातील तुकडा मागील रोपाशी ताडून पाहावा. जे ताडता येत नाही ते परत पाठविण्याचे धैर्य दाखवावे. गिऱ्हाईक दोन दिवस थांबते, हा आमचा अनुभव आहे.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० सालापासून लागवडीस उत्तेजन देत आले आहे, पण त्याचा रोख मुख्यतः शेतीकडे. परसदार कोणत्याही योजनेत नीट बसत नाही, आणि बसावे असेही नाही. येथे काम होईल ते शेजारधर्माने. संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने मृगाच्या सुमारास एक दिवस ठरवावा. ज्याच्याकडे खात्रीची गुळवेल आहे त्याने अंगठ्याएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे तुकडे आणावेत. ज्याच्याकडे अडुळसा आहे त्याने फाटे आणावेत. द्रव्यगुण जाणणाऱ्या एका वैद्याने प्रत्येक नग तपासून मगच तो पुढे द्यावा. ज्या घरी गवंडी काम करीत आहे, तेथे वाफ्याची कड बांधून होण्यापूर्वी ही रोपे पोहोचावीत. एकदा डुरांटा लागला की तो उपटावयास कोणाचा हात धजत नाही.