शेपूट पिळणाऱ्याची कोजागिरी

समाजसेवा ही गंभीर गोष्ट आहे, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. सेवा करणाऱ्याने आवाज खाली ठेवावा, चेहरा लांब ठेवावा आणि शक्यतो जेवू नये. त्यामुळे गावोगावी जे सेवा-क्लब आहेत, त्यांच्याकडे मध्यमवर्गीय माणूस थोडा संशयानेच पाहतो. ‘तिथे काय, जेवतात आणि हसतात!’ असे आमचे एक सहकारी नेहमी म्हणतात. ते स्वतः कुठेही हसत नाहीत, जेवतात मात्र.

मी अशा कोणत्याही क्लबाचा सभासद नाही. परंतु यवतमाळसारख्या गावात मराठीचा प्राध्यापक म्हणजे आभारप्रदर्शनाची फुकट सोय असते. त्या नात्याने मला वर्षातून चार-पाच वेळा तरी बोलावणे येते, आणि त्यातूनच या मंडळींचा इतिहास वाचण्याचा नाद मला लागला.

इतिहास गमतीचा आहे. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्र जमवले : एक कोळशाचा व्यापारी (वणीकरांनी नोंद घ्यावी), एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपी. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचे, म्हणून नाव पडले रोटरी. मागून त्यांना हॅरी रगल्स हा छापखानेवाला मिळाला आणि त्याने सभेत गाणी म्हणायची चाल पाडली. म्हणजे गप्पा आणि गाणे आधी, सेवा मागाहून! त्यांचे पहिले लोकोपयोगी काम कोणते, तर शिकागोच्या नगरभवनाजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह. हसू नका, आपल्याकडच्या एखाद्या बसस्थानकावर मुलाबाळांसह दोन तास काढलेल्या माउलीला विचारा, यापेक्षा मोठी सेवा कोणती म्हणून.

लायन्स निघाले तेही शिकागोतच, 1917 साली. भारतात ते 1956 साली मुंबईला आले. 1925 साली हेलन केलर यांनी त्यांच्या ओहायोतील अधिवेशनात अंधांच्या बाजूने लढण्याची गळ घातली, आणि तेव्हापासून डोळ्यांची शिबिरे हे त्यांचे व्रतच होऊन बसले. पण मला त्यांच्या घटनेतली सर्वांत आवडती व्यक्ती म्हणजे ‘टेल ट्विस्टर’; शुद्ध मराठीत शेपूट पिळणारा. सभेत रंग भरणे आणि सभासदांना बारीकसारीक कारणांवरून दंड करणे हे याचे काम. याचा निकाल अखेरचा, अपील नाही. आणि याला स्वतःला दंड करायचा झाला, तर हजर असलेल्या सर्व सभासदांचे एकमत लागते. दहा मराठी माणसांचे एकमत! म्हणजे हा पदाधिकारी आपल्याकडे अमरपट्टाच घेऊन आला, असे समजायचे.

गेल्या वर्षीच्या कोजागिरीला अशाच एका क्लबाची कौटुंबिक सभा होती. गच्चीवर गाद्या-लोड, कोपऱ्यात दुधाची कढई, आणि ‘तणावमुक्त जीवन’ या विषयावर नागपूरच्या एका विद्वानांचे व्याख्यान. पावणेआठला विद्वानांचा फोन आला : गाडी कळंबला बंद पडली आहे. कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पोटात खाली बसलेला; तो एकदा भक्ताला धरून ठेवतो म्हणाला, की सुटका नाही. अध्यक्षा डॉक्टरीणबाई. (बायकांना या क्लबांनी दारे उघडली ती 1987 ते 1989 या काळात, त्याआधी त्या फक्त फराळाचे पाहत.) बाईंनी घड्याळ पाहिले आणि सभा शेपूट पिळणाऱ्याच्या हवाली केली.

हे गृहस्थ दंतवैद्य. माणसाला तोंड उघडायला लावणे हा त्यांचा धंदाच. त्यांनी पत्र्याचा डबा वाजवून फर्मान काढले : आज पुरुषांनी नाव घ्यायचे, अडेल त्याला दंड, पाठ केलेला उखाणा म्हणेल त्याला दुप्पट. पहिला बळी अध्यक्षबाईंचे यजमान. त्यांचे सिमेंटचे दुकान. दोन मिनिटे आकाशाकडे पाहून त्यांनी म्हटले :

‘वाळू अधिक, सिमेंट कमी, भिंत लागली डोलू;
अध्यक्षबाईंचं नाव घेतो, आता नका काही बोलू!’

टाळ्या पडल्या आणि दंडही झाला. नाव प्रत्यक्षात न घेतल्याबद्दल एक, आणि सिमेंटविषयीच्या कबुलीबद्दल दुसरा.

ऐनवेळी उभे राहून बोलणे ही आपल्या मातीतली जुनी विद्या आहे. तमाशातली बतावणी कोणी लिहून देत नसे. आपल्या विदर्भातल्या खडी गंमतीतही समोर बसलेले कोण आहेत, ते पाहूनच कोपरखळी बेतली जाई. वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ 1965 साली रंगभूमीवर आले. त्यात दादा कोंडके त्या त्या दिवसाच्या बातम्या बेमालूम घुसडीत. सोंगाड्याला पाटलाची थट्टा पाटलासमोरच करण्याची मुभा होती. आमचे यवतमाळही ऐनवेळच्या बदलाला नवखे नाही. 2019 च्या जानेवारीत इथे साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्याचा तो प्रकार झाला, आणि उद्घाटनाला उभ्या राहिल्या राजूरच्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. त्या दिवशी आमच्यासारख्या मराठीच्या मास्तरांनी खुर्चीत जरा सावरून बसायला हवे होते. कितीजण बसले, ते मी सांगत नाही.

असो. उखाणे संपले, एका वकिलांनी कुत्र्यामांजरांचे भांडण काढून दाखवले, तरी विद्वान कळंबलाच. तेवढ्यात कोणाचे तरी लक्ष कढईकडे गेले. दूध आटवायला घाटंजीकडचे एक वयस्कर गृहस्थ बोलावले होते. सगळे त्यांना मामा म्हणत.

‘मामा, एखादं गाणं होऊ द्या.’

‘गानं येत नाही बाप्पा मले. नक्कल येते.’

‘कोणाची?’

‘तुमचीच.’

हशा पिकला. मामांनी झारा नातवाच्या हाती दिला, पुढे आले आणि एका उसवलेल्या लोडातून कापसाचा झुपका ओढून घेतला. पुढची दहा मिनिटे त्या गच्चीवर कापसाचा बाजार भरला होता. मामा आधी झाले व्यापारी. झुपका दोन अंगठ्यांत धरून धागा ताणला, आभाळाकडे पाहिले, तोंड वाकडे केले. ‘ओला हाय.’ मग झाले कास्तकार, पाठीत वाकलेले. ‘मालक, काल दिसभर वाळवला.’ ‘मंग आज काऊन ओला?’ ‘तुमी हात लावला, म्हून घाम फुटला असंन त्याले!’

सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत चालतो, 12 च्या वर गेला की माल परत. मधल्या चार टक्क्यांत कपात होते. मामांनी हे आकडे उच्चारले नाहीत. नुसती तर्जनी उभी केली आणि प्रत्येक वाक्याला ती थोडी थोडी वाकवत नेली. तो भाव होता. मधूनच व्यापारी नमुना म्हणून झुपका काढी आणि मागच्या पोत्यात टाकी. पुन्हा काढी, पुन्हा टाकी. शेवटी कास्तकार हात जोडून म्हणाला, ‘मालक, तुमच्या नमुन्यात माह्या लेकीची गादी झाली असती.’

हसता हसता गच्ची एकदम थांबली. बैठकीत कापसाचे तीन व्यापारी होते. त्यांतले एक, स्वतःचे जिनिंग असलेले, उठून उभे राहिले. आता काय होते म्हणून आम्ही श्वास रोखला.

‘एक चूक आहे,’ ते म्हणाले. ‘आम्ही दाबून पण पाहतो. ते राहिलं.’

त्यांनी पुढे होऊन ते करून दाखवले, आणि मामांनी त्यांच्याच हातावर चापट मारून म्हटले, ‘असं होये!’ दंतवैद्यांनी तिघांनाही दंड ठोठावला. गुन्हा कोणता, असे एकाने विचारले, तर म्हणाले, ‘ओळखू आल्याबद्दल.’ तिघांनी मुकाट्याने भरला. जिनिंगवाल्यांनी घडी केलेली नोट टाकली. ती केवढी होती, ते अंधारात दिसले नाही.

दंडाचे पैसे डोळ्यांच्या शिबिराचे, असे कळताच मामांनी विचारले, ‘कवा हाय शिबिर?’ चिटणिसांनी कार्तिकातली तारीख सांगितली. मामा हसले. ‘म्हून तुमच्या शिबिराले मानूस येत नाही. वेचनीचे दिवस ते. तरनेताठे वावरात, अन् म्हातारंकोतारं घरी लेकरं सांभायते. मोतीबिंदू त्याइलेच हाये. सक्रांतीनंतर घ्या.’

तीन वर्षे हे मंडळ कमी गर्दीचा दोष ‘ग्रामीण भागातील जागृतीच्या अभावा’ला देत होते, तसा शब्दप्रयोग वार्षिक अहवालात आहे आणि त्याचे शुद्धलेखन मीच तपासले होते. अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे तारीख खोडली. ठराव नाही, अनुमोदन नाही. दूध उतू जायला आले होते.

विद्वान पावणेअकराला पोचले. त्यांना उरलेले दूध मिळाले, आणि गादीवर टेकायच्या आत उशिराबद्दल दंड झाला. त्यामुळे त्यांना बराच तणाव आला.

शिबिर माघात झाले. नोंदणीचे कागद दुपारीच संपले, तेव्हा दंतवैद्यांनी चिटणिसांना कागद कमी आणल्याबद्दल दंड केला.