घर नवं, वायर जुनी: दुरुस्तीच्या कामात नियम नेमके कुठे सुटतात?

दिवाळी उरकली, ऊसबिलाचा हप्ता खात्यावर आला की गावोगाव घराची कामं निघतात. कुणी पडवी बंद करून खोली काढतो, कुणी कौलं उतरवून स्लॅब टाकतो, कुणी जुन्या मोरीचं बाथरूम करून गिझर बसवतो. गवंडी, सेंट्रिंगवाले आणि फरशीवाल्यांना पाऊस पडेपर्यंत उसंत नसते. घरात बसून हिशोब होतो तो सिमेंट, सळई, वाळू आणि मजुरीचा. ग्रामपंचायतीचा कागद आणि लाईटचं काम या दोन गोष्टी यादीत शेवटी येतात. बऱ्याचदा येतच नाहीत.

नियम नाहीत असं नाही. पण ते तपासले जातात फक्त नवीन कनेक्शन घेताना. त्या वेळी महावितरण परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागते. पुढे त्याच घराच्या दोन खोल्यांच्या पाच झाल्या, पत्र्याचा स्लॅब झाला, तरी मीटर तेच राहतं आणि कुणी काही विचारत नाही. ग्रामपंचायत बांधकाम बघते, महावितरण मीटरपर्यंत बघते. मधली जागा घरमालकाच्या माथी. अपघात होतात ते याच मधल्या जागेत.

ग्रामपंचायतीत काय लागतं?

रंग, गिलावा, फरशी बदलणं, फुटकी कौलं बदलणं अशा किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही. पण खोली वाढवणं, मजला चढवणं, भिंत पुढे घेणं हे बांधकाम धरलं जातं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 प्रमाणे गावठाणातल्या बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते.

2021 मध्ये ग्रामविकास विभागाने यात सवलत दिली. 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला वेगळ्या परवानगीची गरज ठेवली नाही. 1,600 ते 3,200 चौरस फुटांपर्यंत नगररचनाकाराकडे न जाता ग्रामपंचायतच परवानगी देते. ही बातमी गावात पोचली ती अर्धीच. 'छोट्या घराला काही लागत नाही' असं सगळे धरून बसले. प्रत्यक्षात 1,600 फुटांच्या आतही मालकीचा कागद, नकाशा आणि नकाशा नियमाप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा किंवा वास्तुविशारदाचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावाच लागतो. परवानगीची वाट बघायची नाही, एवढीच ती सवलत.

दुसरी अडचण हद्दीची. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झालेल्या गावांत आता मिळकत पत्रिका मिळते. पूर्वी ओटा दोन फूट बोळात गेला तर भाऊबंदांत भांडण व्हायचं आणि मिटायचं. आता हद्द नकाशावर दिसते. रस्त्यावर आलेलं बांधकाम कलम 53 खाली अतिक्रमण ठरू शकतं. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत सदस्य अपात्र ठरतो, हे निवडणूक लढवणाऱ्यांना चांगलं माहीत आहे. तक्रार व्हायला विरोधी पॅनेलचा एक माणूस पुरतो.

स्लॅबच्या वरून गेलेली लाईन

सगळ्यात मोठा धोका इथे आहे. लाईन टाकली तेव्हा खाली कौलारू घर होतं. आता तिथे स्लॅब पडतो, त्यावर पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया उभ्या सोडल्या जातात, आणि घर स्वतःहून तारेजवळ जातं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत अंतर ठरलेलं आहे. घरगुती पुरवठ्याची उघडी तार घराच्या सर्वात उंच भागापासून किमान 2.5 मीटर वर, म्हणजे सव्वाआठ फूट हवी. 11 केव्हीच्या लाईनला हे अंतर 3.7 मीटर, म्हणजे बारा फुटांहून थोडं जास्त. बाजूने दोन्हींना किमान 1.2 मीटर, जवळपास चार फूट. अंतर तार सर्वात जास्त झोळ खाते त्या वेळचं मोजायचं. उन्हाळ्यात तार खाली येते, हे शेतावरून लाईन गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

लाईनजवळ बांधकाम करायचं किंवा घर वाढवायचं असेल तर महावितरणला आणि विद्युत निरीक्षकांना आधी लेखी कळवायचं, असाही नियम आहे. लाईन सरकवायची झाली तर खर्च साधारण बांधकाम करणाऱ्यावर येतो. म्हणूनच लोक कळवत नाहीत. पण दुकानातून सळई येते ती 40 फूट लांबीची. ती उभी करून गच्चीवर ओढताना 11 केव्हीला टेकली तर खर्चाचा प्रश्न उरतच नाही. त्या वेळी सळई धरलेला माणूस घरमालक नसतो, रोजावर आलेला मजूर असतो. स्लॅबवर पाणी मारतानाही तीच भीती.

पाच खोल्यांचा लोड, दोन खोल्यांची वायर

वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. तो फार थोडे लोक वाचतात. दोन ट्यूब, एक पंखा, एक टीव्ही धरून घेतलेल्या कनेक्शनवर आता फ्रीज, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर आणि गिझर चालतो. एकटा 2 किलोवॅटचा गिझर साडेआठ-नऊ अँपिअर ओढतो, 3 किलोवॅटचा झटपट गिझर तेरा. दिव्यासाठी टाकलेल्या 1 चौरस मिलिमीटर वायरवर तो जोडला की वायर भिंतीच्या आत तापत राहते. अशा पॉईंटला किमान 2.5 चौरस मिलिमीटरची आयएसआय मार्क वायर, स्वतंत्र लाईन आणि अर्थिंग लागतं. मंजूर भारापेक्षा जास्त वापर आढळला तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. भार वाढवण्याचा अर्ज त्यापेक्षा स्वस्त पडतो.

आणखी एक गैरसमज आहे. 'एमसीबी बसवलाय, आता भीती नाही,' असं म्हणतात. एमसीबी वाचवतो वायरला. माणसाला शॉक बसला तर पुरवठा तोडतो तो आरसीसीबी, घरासाठी 30 मिलिअँपिअरचा. पत्र्याच्या घरात तर तो आधी हवा. सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलते, पत्र्यात करंट उतरतो आणि त्याच पत्र्याला बांधलेल्या तारेवर बाई ओले कपडे वाळत घालते. पावसाळ्यात अशा बातम्या दरवर्षी येतात.

काम करायचं कुणी?

बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलणं घरच्या घरी चालतं, नियमालाही ते मान्य आहे. पण नवीन पॉईंट काढणं, वायरिंग वाढवणं हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. गावातली अडचण खरी आहे. ठेकेदार तालुक्याला असतो, येण्याजाण्याचे पैसे वेगळे सांगतो. गावातला पोरगा रोजावर तेच काम दोन दिवसांत करतो. त्यातले काही आयटीआयला तारतंत्री शिकलेले असतात, हात चांगला असतो, परवाना नसतो. मग सहीपुरता टेस्ट रिपोर्ट तालुक्यातून आणला जातो. सही करणाऱ्याने घर पाहिलेलं नसतं. असा कागद फाईल भरतो, अर्थिंग भरत नाही.

यावर उपाय ग्रामसभेच्या हातात आहे. बांधकामाचा कागद घेताना ग्रामपंचायतीने दोनच प्रश्न विचारावेत: घरावरून किंवा बाजूने लाईन जाते का? आणि वाढीव वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट कोण देणार? चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी ठेकेदार बोलावला तर त्याचं येणं-जाणं वाटून घेता येतं. गावच्या आयटीआय झालेल्या पोरांनी परवाना काढावा म्हणून पंचायतीने पाठपुरावा केला तर पैसाही गावातच राहील.

घरमालकाने काम सुरू करण्याआधी एवढं बघावं:

- मिळकत पत्रिका किंवा नमुना 8 चा उतारा काढून हद्द तपासा.
- लाईन जवळ असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही.
- बिलावरचा मंजूर भार आणि घरातली उपकरणं यांचा मेळ घाला.
- खर्चाच्या यादीत अर्थिंग आणि आरसीसीबी फरशीच्या आधी लिहा.
- तार तुटली, खांबाला किंवा पत्र्याला करंट लागला तर हात न लावता 1912 वर कळवा.

घराला लाखांनी खर्च होतो. त्यात अर्थिंग आणि आरसीसीबीची रक्कम फरशीच्या दोन-चार पेट्यांइतकी. वास्तुशांतीला आलेले पाहुणे फरशीला नावाजतात, अर्थिंग कुणी विचारत नाही. म्हणून ते घरच्या माणसानेच विचारलं पाहिजे.